औषध गाठीपाशीच थांबवणारं जेल आलं कुठून?

मावशीच्या केमोला परळला जायचो, तेव्हा एकदा ड्रिप चालू असतानाच ती म्हणाली, "गाठ एवढीशी, मग औषध अख्ख्या अंगात कशाला रे?" केस गेले होते, तोंडात फोड आले होते, भात गिळतानाही डोळ्यात पाणी यायचं. तिचा प्रश्न डोक्यातून गेला नाही म्हणून हे सगळं वाचत गेलो.

फालुद्यातला सब्जा आठवा. पाण्यात टाकला की थोड्याच वेळात प्रत्येक बीभोवती बुळबुळीत पारदर्शक थर धरतो. हायड्रोजेल साधारण तसंच असतं, पॉलिमरची, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंची जाळी पाणी धरून फुगते पण विरघळत नाही आणि त्या जाळीत औषध अडकवलं तर ते हळूहळू बाहेर येतं.

सुरुवात मात्र कॅन्सरपासून झालीच नाही, डोळ्यांपासून झाली. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टरले 1952 मध्ये ट्रेनने जात होते आणि शेजारच्या प्रवाशाशी धातूच्या कृत्रिम डोळ्यावरून गप्पा सुरू झाल्या, तिथून शरीराला चालेल अशा मऊ प्लास्टिकचा विचार त्यांच्या मनात आला. 1960 मध्ये द्राहोस्लाव्ह लिम यांच्यासोबत अशा पाणी धरणाऱ्या जेलवरचा त्यांचा पेपर 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला आणि 1961 च्या नाताळात त्यांनी घरीच, मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स बनवल्या. हे वाचून मला फार भारी वाटलं. त्याच जातीच्या पॉलिमरचं, दंडात कातडीखाली बसवायचं आणि वर्षभर हॉर्मोनचं औषध सोडणारं प्रोस्टेट कॅन्सरचं इम्प्लांट 2004 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

पण ते नुसतं झिरपणारं जेल. परिस्थिती बघून बदलणारं जेल ही वेगळी वाट. 1978 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या तोयोइची तनाका यांनी दाखवलं की तापमान किंवा द्रावण जरासं बदललं तरी जेल एकदम शेकडो पट आकसू शकतं. आणि गाठीचं वातावरण वेगळं असतं हे जर्मन शास्त्रज्ञ ओट्टो वारबुर्ग यांच्या 1920 च्या दशकातल्या कामापासून कळत गेलं, कॅन्सरच्या पेशी भरपूर साखर खाऊन लॅक्टिक अ‍ॅसिड सोडतात, त्यामुळे रक्ताचा पीएच (आम्लतेचा आकडा, कमी तितकं जास्त अ‍ॅसिड) 7.4 असला तरी गाठीभोवती तो बऱ्याचदा 7 च्या खाली असतो. मग अ‍ॅसिड लागल्यावरच उघडणारं जेल का नको? कल्पना सुंदर, पण फरक जेमतेम अर्ध्या-एका आकड्याचा, तोही प्रत्येक गाठीत सारखा नाही, तेवढ्यावर नेमकं उघडणारं जेल बनवणं महाकठीण.

म्हणून पेशंटपर्यंत आधी पोचलं ते तापमानावर चालणारं जेल. मायटोमायसिन हे 1950 च्या दशकात जपानमध्ये सापडलेलं जुनंच औषध. किडनीतून लघवी बाहेर नेणाऱ्या पोकळीत कॅन्सर असेल तर तिथे ते नुसतं सोडून टिकत नाही, लघवीबरोबर वाहून जातं. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या प्रकारात तेच औषध थंड, पातळ जेलमधून नळीने आत सोडतात, अंगाच्या उबेने ते तिथेच घट्ट होतं आणि मग काही तास हळूहळू विरघळत लघवीवाटे जातं. चाचणीतल्या 71 पेशंटपैकी निम्म्याहून जास्त जणांची तिथली गाठ पूर्ण दिसेनाशी झाली होती.

मावशीला हे सांगितलं तर तिने लगेच विचारलं, "माझ्या गाठीसाठी आहे का असं?" तिच्या गाठीसाठी अजून नाहीये.