केतुबेचा आकार : पार्श्वभूमी

ज्यू लग्नासाठी सजवलेली केतुबा, म्हणजे विवाहाचा लेखी करारनामा, मागवायची ठरली की नक्षीवर जोडप्याचे एकमत लवकर होते. डाळिंबे, द्राक्षवेल, जेरुसलेमच्या कमानी, नाहीतर नुसती अक्षरे. एक संध्याकाळ पुरते. गाडी अडते ती आकाराच्या रकान्यापाशी. सोळा बाय वीस, अठरा बाय चोवीस, बावीस बाय तीस असे इंचांतले आकडे समोर येतात आणि ते कागदाचे, चित्राचे की फ्रेमचे, हे धड कोणी सांगत नाही. हे आकडे आले कुठून, याची ही पार्श्वभूमी.

मराठी माणसाला यात आणखी एक अडचण आहे. ‘आकार’ हा आपला शब्द दोन कामे करतो. वाटीचा आकार गोल असतो आणि ‘केवढ्या आकाराची वाटी?’ असे विचारले तर उत्तर मापात द्यावे लागते. एरवी याने काही बिघडत नाही. केतुबेच्या बाबतीत मात्र ही सरमिसळ चक्क उपयोगी पडते, कारण माप आणि घाट या दोन गोष्टी तिथे शतकानुशतके एकच होत्या.

आरंभीच्या केतुबांना कोणी आकार निवडून दिला नव्हता. नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर सापडलेले ज्यू वस्तीतले विवाहाचे अरामी दस्तऐवज इ. स. पू. पाचव्या शतकातले आहेत; त्यातला एक इ. स. पू. ४४९चा. पपायरसवर लिहायचे, गुंडाळून घडी घालायची, दोरा बांधायचा आणि वर मातीची मुद्रा मारायची. मृत समुद्राजवळच्या एका गुहेत १९६०-६१ साली एका स्त्रीची कागदपत्रे मिळाली. दुसऱ्या शतकातल्या बंडाळीत ती तिथे लपायला आली होती. सुमारे पस्तीस दस्तऐवजांच्या त्या बोचक्यात तिची केतुबाही होती. म्हणजे माप ठरत होते ते पिशवीत काय मावते यावर. घटस्फोट झाला किंवा नवरा गेला तर बायकोला काय मिळायचे (कुमारिकेला दोनशे झूझ, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, विधवेला शंभर) हे ज्या कागदावर लिहिलेले असते, तो कागद तिच्या ताब्यात आणि जपून ठेवलेला असायचा. आपल्याकडे लग्न ठरताना देण्याघेण्याची ‘याद’ करत आणि ती यादही कुणी भिंतीवर लावली नाही.

सजावट मात्र जुनी आहे. कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या कोठीतून १९व्या शतकाच्या अखेरीस बाहेर आलेल्या चिठ्ठ्याचपाट्यांत दहाव्या ते बाराव्या शतकातल्या नक्षीदार केतुबांचे तुकडे आहेत. ऑस्ट्रियातल्या क्रेम्स गावची १३९१-९२ची एक केतुबा तुकड्यांत उरली आहे. तिच्यावर वधूवरांची चित्रे आहेत. पण मध्य आणि पूर्व युरोपात पुढे ही परंपरा फारशी वाढली नाही. अश्कनाझी, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या, मजकुरात रकमा ठरीव होत्या: शंभर झेकुकिम (वजनाचे एक जुने माप) चांदी हुंड्याची आणि वरची शंभर नवऱ्याची, सगळ्यांना सारखीच. मजकूर ठरीव, रक्कम ठरीव, मग दाखवायचे काय? कागद लहानच राहिला.

दाखवायला होते ते इटलीत. १४९२ला स्पेनमधून आणि १४९७ला पोर्तुगालमधून बाहेर पडावे लागलेल्या कुटुंबांनी केतुबा सजवण्याची रीत बरोबर नेली आणि १७व्या-१८व्या शतकांत व्हेनिस, आंकोना, रोम, लिव्होर्नो, मांतुआ या गावांत ती भरभराटीला आली. इथे हुंडा आणि अटी खऱ्या असत. मूळ मजकुराशेजारी अटींचा दुसरा रकाना लिहायचा, म्हणून जोडकमान काढायची. दोन दारे शेजारी शेजारी. रुंदी आली ती या दुसऱ्या दारामुळे. उंची आली कातड्यामुळे. एक शेळी किंवा मेंढी, तिचे एक चर्मपत्र, त्यावर एक केतुबा. ऐंशी-नव्वद सेंटिमीटर उंचीच्या इटालियन केतुबा आजही संग्रहालयांत आहेत. जनावराच्या मानेकडचा निमुळता भाग कापून न टाकता कुठे वर, कुठे खाली ठेवायचे आणि त्याला महिरप द्यायचे. त्या महिरपीला कोणी ‘डिझाइन’ म्हणो, मला ती आधी काटकसर वाटते. माप आणि घाट एकच होते म्हटले ते याच अर्थाने: केवढी आणि कशी, दोन्ही प्रश्नांचे उत्तर कातडे देई. खर्च मात्र हातचा होता आणि तो इतका वाढला की काही इटालियन गावांत समाजाच्या पंचांनी केतुबेच्या सजावटीवर किती खर्चावे याला मर्यादा घातली. नियम पैशाला होता, इंचांना नव्हता.

माप पहिल्यांदा ठरीव झाले ते ॲमस्टरडॅममध्ये. १७व्या शतकाच्या मध्याला, इटलीतून तिथे गेलेल्या एका खोदकाम करणाऱ्याने केतुबेची चौकट तांब्याच्या पत्र्यावर कोरली. मधली जागा मोकळी, तिथे मजकूर हाताने लिहायचा. ती चौकट आणि तिच्या नकला लंडन-हॅम्बर्गपर्यंत पुढची दोन शतके वापरात राहिल्या. पत्रा जेवढा, केतुबा तेवढी. चौकोनीच. मान गेली.

आपल्या बाजूला, म्हणजे मुंबईत, १९व्या शतकात दोन ज्यू समाज जवळजवळ राहत होते. एक कोकणातून आलेले, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले मराठीभाषक बेने इस्राएल. दुसरे बगदादकडून आलेले व्यापारी. बगदादी घराण्यांच्या मुंबई-कलकत्त्यातल्या केतुबांवर मासे, मोर, सिंह-वाघ अशी चित्रे दिसतात. पुढे छापील केतुबाही आल्या: नावे, तारीख, रक्कम भरायला मोकळ्या जागा. गाव कोणत्या पाण्याकाठी आहे हे लिहिण्याची रीत जुनी असल्याने मुंबईच्या नावापुढे समुद्रकिनारा यायचा. कागद छापखान्यातल्या तावाच्या हिशेबाने कापलेला. इथेही निवड कोणी करत नव्हते.

निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने अमेरिकेत उभा राहिला आणि तोही अलीकडे. १९६०च्या दशकात काही चित्रकार-सुलेखनकारांनी हाताने केतुबा करायला घेतल्या आणि सत्तरीत ती लाट झाली. जोडपी केतुबा फ्रेम करून दिवाणखान्यात नाहीतर झोपायच्या खोलीत लावू लागली. सुलेखनकार जलरंगाच्या पूर्ण तावावर काम करत. हा ताव बावीस बाय तीस इंचांचा, आपल्याकडे कलाशाळेत ‘फुल इम्पिरियल’ म्हणतात तोच. ‘मोठी केतुबा’ म्हणजे बावीस बाय तीस, हा संकेत इथून आला.

त्याच काळात मजकूर फुगत गेला. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ज्यूंच्या मधल्या (‘कॉन्झर्व्हेटिव्ह’) प्रवाहाने एक कलम वाढवले, घटस्फोटाच्या वेळी पतीने पत्नीला अडकवून ठेवू नये म्हणून. पुढे सुधारणावादी मंडळींनी दोघांना समान असा नवा मजकूर घेतला, हिब्रूत आणि इंग्रजीतही. सह्या वाढल्या. जुन्या पद्धतीत दोन साक्षीदार पुरत. आता वधू, वर, रब्बाय (ज्यू धर्मगुरू) आणि साक्षीदार, कुठे कुठे दोन्ही भाषांत. एवढे सगळे अकरा बाय चौदाच्या कागदावर घातले तर अक्षर इतके बारीक होते की मंडपाखाली वाचणाऱ्याला चष्मा लागतो.

नव्वदीत इंकजेटवरची कलामुद्रणे आली आणि मापांची सूत्रे छपाईयंत्राच्या हाती गेली. कागदाचा चोवीस इंची रोल लावायचे यंत्र लहान कलाकाराला परवडते, चव्वेचाळीस इंची नाही. म्हणून अठरा बाय चोवीस सगळीकडे मिळते. दुसऱ्या टोकाला फ्रेमचे दुकान: अमेरिकेत तयार फ्रेम सोळा बाय वीस, अठरा बाय चोवीस, युरोप-इस्रायलकडे पन्नास बाय सत्तर सेंटिमीटर. कातड्याची जागा रोल आणि फ्रेमच्या पट्टीने घेतली, एवढेच.

आता खरा गुंता. एकाच केतुबेला किमान तीन मापे असतात. चित्राचे माप, कागदाचे माप आणि फ्रेमसकटचे माप. चित्र सोळा बाय वीस असेल आणि भोवती दोन-दोन इंच कोरा कागद सोडला असेल, तर कागद वीस बाय चोवीस. चित्राच्या कडेपासून तीन-तीन इंच माउंट दिसेल असे ठेवले तर बावीस बाय सव्वीस. त्यावर फ्रेमची इंचभर रुंद पट्टी लावली की चोवीस बाय अठ्ठावीस. विकणारा पहिले माप सांगतो, फ्रेमवाला दुसरे विचारतो आणि भिंतीला कळते ते तिसरे. अठरा बाय चोवीस म्हणून घेतलेली केतुबा तयार फ्रेमीत सरकवली तर पट्टीच्या खाचेत चारी बाजूंनी सुमारे पाव इंच जातो. नक्षीचा पाव इंच गेला तर हरकत नाही. सह्या अगदी खालच्या कडेला असतील तर मात्र साक्षीदाराच्या नावाचा पायच कापला जातो.

त्याहून अवघड बाब प्रमाणाची. सोळा बाय वीसमध्ये रुंदी-उंचीचे नाते चारास पाच. अठरा बाय चोवीसमध्ये तीनास चार. बावीस बाय तीस त्याहून थोडे उभट, पन्नास बाय सत्तर आणखी उभट. म्हणजे ‘हीच केतुबा मोठ्या आकारात द्या’ हे वाक्य बहुधा अशक्य मागणी असते. नुसते मोठे करून चालत नाही; कुठे तरी कापावे लागते किंवा कुठे तरी भरावे लागते. आपला ‘आकार’ हा दुतोंडी शब्द इथे पुन्हा बरोबर ठरतो: माप बदलले की घाट बदलतोच.

आणि भरतात कुठे? बहुतेक वेळा मजकूर आणि सह्या यांच्या मधे, कारण तिथे जागा सोडली तर पान मोकळे, सुंदर दिसते. नेमक्या त्याच जागेवर तालमूदचा, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथाचा, नियम बसलेला आहे. दस्तऐवजाच्या मजकुरापासून साक्षीदारांच्या सह्या दोन ओळींइतक्या दूर गेल्या तर तो दस्तऐवज बाद. त्याहून कमी अंतर असेल तर ग्राह्य. कारण उघड आहे, मधल्या जागेत मागाहून कोणी काही घुसडू नये. ओळीच्या शेवटी अक्षरे ताणून कडेपर्यंत नेण्याची सवय याच भीतीतली. भोवतालची नक्षीसुद्धा कोरी जागा भरून टाकण्यासाठीच सुरू झाली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मला ते अर्धेच पटते, कारण इटलीतली कारंजी आणि नग्न देवदूत पाहून कोणाला बनावट कलमांची धास्ती होती असे वाटत नाही. पण नियम मोजतो ओळींत, इंचांत नव्हे. त्यामुळे सगळे सारख्या प्रमाणात वाढवले तर नियम शाबूत राहतो आणि चारास पाचचे तीनास चार करताना मोडू शकतो. परंपरेला धरून असलेले रब्बाय आधी नमुना मागवून घेतात तेव्हा नावांच्या स्पेलिंगइतकेच लक्ष या जागेवर असते. उदारमतवादी विवाहांत कोणी ही जागा मोजत नाही. तिथे मोठ्या केतुबेला मोकळे रान आहे.

यावर काढलेला तोडगा वादाचा ठरला. काही परंपरानिष्ठ जोडपी दोन केतुबा करतात: एक छापील साधी, जिच्यावर नियमानुसार सह्या होतात, आणि एक सजवलेली, भिंतीसाठी. दोन्हींवर सह्या घ्याव्यात का, दुसरीला दस्तऐवज म्हणावे की चित्र, यावर रब्बायांचे एकमत नाही. मला यात विशेष वावगे दिसत नाही. ॲमस्टरडॅमच्या चौकटीनेही नक्षी आणि मजकूर वेगळे केलेच होते. इथे कागदही वेगळे झाले.

सजवलेल्या केतुबेचे माप ठरवताना मग भिंत, सोफ्याची रुंदी, सहीच्या वेळचे टेबल आणि लग्न दुसऱ्या देशात असेल तर विमानात न्यायची नळी एवढ्याच गोष्टी उरतात. कापूस-कागदाला सतत गुंडाळून ठेवणे मानवत नाही, म्हणून नळीतून आलेली बावीस बाय तीसची केतुबा सहीआधी एक-दोन दिवस सपाट ठेवावी लागते. साध्या केतुबेला कोणीच माप विचारत नाही. ती पाकिटात घालून कपाटात जाते.