फोटोवरचं नाव आणि फोटोतलं नाव

‘वॉटरमार्क टाकलाय, आता कुणी चोरणार नाही’ आणि ‘मेटाडेटा भरलाय, आता चोरलं तरी सिद्ध करता येईल’ ही दोन वाक्यं फोटोग्राफर आणि डिझायनर मंडळींच्या ग्रुपवर इतक्यांदा फिरतात की ती खरी वाटायला लागली आहेत. वॉटरमार्क म्हणजे फोटोवर दिसणारं नाव, मेटाडेटा म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली, न दिसणारी माहिती. दोन्ही वाक्यं चूक आहेत. त्यातून वॉटरमार्ककडून मेटाडेटाच्या कामाची आणि मेटाडेटाकडून वॉटरमार्कच्या कामाची अपेक्षा ठेवली जाते, मग दोन्ही ‘बिनकामाचे’ ठरतात.

कॉपीराइटचा विषय आधी बाजूला काढू. तो या दोन्हींवर अवलंबून नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढला किंवा चित्र केलं की हक्क तयार झाला. नोंदणी ऐच्छिक, वर्तुळातला सी ऐच्छिक, वॉटरमार्कची अट कुठेच नाही. ‘त्यावर नाव नव्हतं म्हणून घेतला’ हा बचाव होत नाही. मात्र पैसे घेऊन लग्नाचे किंवा पोर्ट्रेटचे फोटो काढत असाल तर कलम १७ जरूर वाचा. उलट करार केलेला नसेल, तर सांगून आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक असतं, तुम्ही नाही. एका ओळीच्या करारावाचून पुढचा सगळा खटाटोप फुकट जाऊ शकतो.

वॉटरमार्क सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्याबद्दल थोडक्यात. कोपऱ्यात टाकलेलं नाव ही सही झाली, संरक्षण नव्हे. एका बोटाने ते क्रॉप होतं. ते टिकावं असं वाटत असेल तर विषयाच्या कडेवर बसवा, म्हणजे अर्धं चेहऱ्यावर किंवा कपड्यावर आणि अर्धं पार्श्वभूमीवर, साधारण ३० टक्के अपारदर्शकतेने. सपाट आकाशावरचं नाव पुसायला आता कौशल्य लागत नाही, फोनमधला खोडरबरही ते करतो. आणि तीनशे फोटोंवर नावाचं एकच तयार चित्र (पीएनजी) ठोकायची सवय सोडा. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की एकसारखा वॉटरमार्क असलेले भरपूर फोटो मिळाले तर संगणक तो वेगळा ओळखून सगळ्यांवरून एकदमच काढू शकतो. दर फोटोत त्याचा आकार किंचित वेडावाकडा केला की पुसल्यानंतर खुणा राहतात, हेही त्यांनीच दाखवलं. संपूर्ण फोटोवर जाळीसारखं पसरलेलं नाव मात्र मला सहन होत नाही. विकाऊ फोटोंच्या दुकानाला ते शोभतं. आपलं काम लोकांना दाखवायचं असेल तर ते झाकून कसं चालेल?

आता मुख्य मुद्दा. वॉटरमार्क चित्रात असतो आणि मेटाडेटा फाइलमध्ये. ऐकायला हा शब्दांचा खेळ वाटतो, पण सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. जेपीईजी फाइलमध्ये पिक्सेलचा भाग वेगळा आणि त्याच्या आधी बसलेले मजकुराचे कप्पे वेगळे. एका कप्प्यात एक्झिफ, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप लिहिलेली तारीख, शटर, लेन्स, बऱ्याचदा कॅमेऱ्याचा सीरियल नंबर, फोन असेल तर जीपीएस, म्हणजे फोटो काढला ती जागा. दुसऱ्यात आयपीटीसी, म्हणजे माणसाने भरायचे रकाने: कुणी काढला, हक्क कुणाचा, संपर्क कुठे. पाहणाऱ्याला पिक्सेल दिसतात, कप्पे दिसत नाहीत. आणि फोटोची नवी फाइल तयार होताना पिक्सेल न्यावेच लागतात, कप्पे नेण्याची सक्ती कुणावरच नाही.

एक फोटो घेऊन त्याच्या मागे जाऊ. वारीतल्या गोल रिंगणाचा, अश्व दौडतानाचा. कॅमेऱ्यातून तो ६००० बाय ४००० पिक्सेलचा निघाला. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये आयपीटीसीचे रकाने भरले, एक्सपोर्ट करताना उजव्या खालच्या कोपऱ्यात नाव टाकलं. या घडीला फाइलमध्ये नाव दोनदा आहे. इन्स्टाग्रामवर चढवला: फोटो साधारण १०८० पिक्सेल रुंदीला नव्याने दाबला गेला, कप्पे गळले, कोपऱ्यातलं नाव राहिलं. कुणीतरी स्क्रीनशॉट घेतला: ही पूर्ण नवी फाइल, हिच्यावर तारीख आजची आणि कॅमेऱ्याचा पत्ता नाही. तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला: पुन्हा दाबला गेला. आषाढी एकादशीच्या आधी कुणा डिझायनरने तो कोरल ड्रॉमध्ये घेतला, घोडा आणि रिंगण तेवढं ठेवलं, कोपऱ्याच्या जागी शुभेच्छुकांचे हात जोडलेले चेहरे बसवले. इथे कोपऱ्यातलं नावही गेलं. मेटाडेटा मात्र पहिल्याच पायरीला गेला होता, आणि तो कुणी मुद्दाम काढलाही नव्हता.

आता तोच फोटो दुसऱ्या वाटेने. एखाद्या दैनिकाने मागितला, तुम्ही वॉटरमार्कशिवाय ईमेलने पाठवला, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला. फाइल जशीच्या तशी पोचली. सहा महिन्यांनी डेस्कवरच्या उपसंपादकाला तो फोल्डरमध्ये सापडला तर रकान्यात तुमचं नाव आणि नंबर आहे. मेटाडेटाचं खरं काम हे. तो प्रामाणिक माणसासाठी असतो; ज्याला विचारायचं आहे त्याला कुणाला विचारायचं ते सांगतो. चोराला अडवायची त्याची ताकद नाही. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये गेलं की ही माहिती पुसायचा पर्याय तिथेच दिलेला आहे. त्याच जागी तुमच्या फोटोत दुसऱ्याचं नाव लिहिताही येतं, म्हणूनच ‘मेटाडेटात माझं नाव आहे’ हा मालकीचा पुरावा ठरत नाही. पुरावा म्हणजे रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदवलेली कच्ची फाइल), त्या क्षणाच्या आगेमागे काढलेल्या फ्रेम, न कापलेली मूळ चौकट. ग्राफिकच्या बाबतीत सगळे लेयर शाबूत असलेली फाइल. ज्याने चोरलं त्याच्याकडे यातलं काहीच नसतं.

डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याची दुसरी बाजू: फोनवर काढलेला फोटो असेल तर जीपीएसही जातं. घरी काढलेल्या फोटोबरोबर घराचा पत्ता जातो.

कायद्यातही हाच भेद पुढे येतो, आणि तिथे वॉटरमार्कची किंमत अनपेक्षितपणे वाढते. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५बी हे कलम आलं. हक्काची ओळख पटवणारी माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढणं किंवा बदलणं हा गुन्हा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यातला कळीचा शब्द आहे ‘जाणूनबुजून’. मेटाडेटा नसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही, तो इन्स्टाग्रामने उडवला असेल, व्हॉट्सअ‍ॅपने उडवला असेल. पण घासून पुसलेलं नाव, त्या जागी राहिलेली धूसर चकती किंवा बरोबर नावाच्या वरून मारलेलं क्रॉप आपोआप होत नाही. हेतू दाखवायला ते कामी येतं. म्हणून वॉटरमार्क पुसला गेला तर तो वाया गेला असं समजू नका.

मेटाडेटा भरताना मराठी माणसाची एक खास अडचण होते. नाव देवनागरीत लिहिलं की कुठे प्रश्नचिन्हं दिसतात, कुठे अर्धंच नाव. एक्झिफमधले ‘आर्टिस्ट’ आणि ‘कॉपीराइट’ हे रकाने मुळात साध्या रोमन अक्षरांसाठी बांधलेले. २०२३ च्या एक्झिफ ३.० ने यूटीएफ-८ ला, म्हणजे देवनागरीही लिहिता येणाऱ्या पद्धतीला, परवानगी दिली, पण तुमच्या हातातल्या कॅमेऱ्याला ते ठाऊक असेलच असं नाही. आयपीटीसीच्या जुन्या आयआयएम पद्धतीत ‘बायलाइन’ला ३२ बाइटची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, तीन बाइट खातं, म्हणजे दहा चिन्हांत नाव बसवायचं. आडनावापर्यंत पोचायच्या आतच जागा संपते. एक्सएमपी या नव्या पद्धतीत ही कटकट नाही. तेव्हा कॅमेऱ्यात आणि एक्झिफमध्ये नाव रोमन लिपीत ठेवा, देवनागरी हौस एक्सएमपीच्या वर्णनाच्या रकान्यात भागवा. कॅमेऱ्याच्या मेन्यूतल्या कॉपीराइटच्या ओळीत साल घालू नका; ते बदलायचं राहतं आणि पुढची पाच वर्षं जुनंच छापलं जातं.

भरलेला मेटाडेटा एक्सपोर्ट करताना गमावणारे तर पुष्कळ. लाइटरूमच्या एक्सपोर्टमध्ये ‘कॉपीराइट अँड कॉन्टॅक्ट इन्फो ओन्ली’ निवडा; नाव फोटोबरोबर जातं, जीपीएस मागे राहतं. संपर्कात ईमेल पुरे, घरचा पत्ता नको. फोटोशॉपच्या ‘एक्सपोर्ट अ‍ॅज’मध्ये मेटाडेटासमोर ‘नन’ असेल तर सगळं कोरं निघतं. स्वतःची वर्डप्रेस साइट असेल तर सर्व्हरवर फोटो लहान करणारं कोणतं सॉफ्टवेअर आहे ते बघा: जीडी असेल तर लहान केलेल्या प्रतींतून मेटाडेटा जातो, इमॅजिक असेल तर सहसा टिकतो, आणि फोटो हलके करणारे प्लगइन तो बहुधा पुसूनच टाकतात. तपासायचं असेल तर साइटवर चढवलेला आपलाच फोटो परत उतरवून एक्झिफटूल या मेटाडेटा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ही मेहनत वाया जात नाही, कारण गूगल इमेजेस आयपीटीसीमधलं नाव आणि कॉपीराइटची ओळ दाखवतं, आणि ‘वेब स्टेटमेंट ऑफ राइट्स’च्या रकान्यात परवान्याच्या पानाचा पत्ता भरलेला असेल तर फोटोवर ‘लायसन्सेबल’ असा बिल्लाही देऊ शकतं.

एसव्हीजी या रेषांवर बांधलेल्या चित्राच्या फाइलबद्दल वेगळं सांगायला नको. ती मजकुराचीच फाइल, नोटपॅडमध्ये उघडून नावाची ओळ खोडता येते. लोगो कुणाला दाखवायचा असेल तर पीएनजी द्या, एसव्हीजी किंवा कोरल ड्रॉची सीडीआर फाइल पैसे हातात पडल्यावर.

राहिला ‘७२ डीपीआय करून टाका, मग प्रिंट निघत नाही’ हा सल्ला. डीपीआय म्हणजे छापताना इंचाला किती ठिपके. तो देणाऱ्याने फोटोशॉपमध्ये ‘रीसॅम्पल’ची खूण काढून डीपीआय ३०० चं ७२ करून बघावं. पिक्सेल एकही कमी होत नाही. तो आकडा मेटाडेटासारखीच फाइलवरची एक नोंद आहे, वाटेल तेव्हा बदलावी. मोजायची ती पिक्सेलची लांबी. लांब बाजू १२०० पिक्सेल ठेवली तर ३०० डीपीआयने चार इंची प्रिंट निघेल, म्हणजे अल्बमवाला आणि मासिकवाला अडला. फ्लेक्सवाला अडणार नाही. १०८० पिक्सेलचा फोटो तीन फुटांवर ताणला तरी इंचाला ३० पिक्सेल मिळतात, आणि चौकात लांबून बघणाऱ्याला तेवढे चालतात. फ्लेक्सपुढे लहान आकार निरुपयोगी, तिथे विषयावरून जाणारा वॉटरमार्कच हवा. साइटवर राइट क्लिक बंद करणारे प्लगइन लावू नका. स्क्रीनशॉटला राइट क्लिक लागत नाही, त्रास फक्त सरळ वाचकाला होतो.

चोरी सापडली की तक्रार करण्याआधी पुरावा जमवा: पूर्ण पत्ता दिसेल असा पानाचा स्क्रीनशॉट, तारीख, आणि फ्लेक्स असेल तर चौकासकट फोटो. खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव असेल तर तेही टिपा. मग प्लॅटफॉर्मला लेखी नोटीस. २०१३ च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे तक्रार पटली तर मध्यस्थाने, म्हणजे त्या प्लॅटफॉर्मने, ३६ तासांत ती सामग्री बंद करायची आणि २१ दिवस बंद ठेवायची. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून नोटीस पाठवतानाच वकिलाशी बोलून ठेवा. आणि त्यांच्यासमोर ‘६५बी’ म्हणाल तेव्हा कॉपीराइट कायद्यातलं म्हणा, कारण वकिलांच्या तोंडी ‘६५बी’ म्हणजे पुरावा कायद्यातलं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. ते आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये गेलं आहे. स्क्रीनशॉट न्यायालयात द्यायचे तर तेही लागेल, त्याचा अ भाग तुम्ही भरायचा, ब भाग तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारा तिच्या ओळखीचा आकडा, लिहायची. हॅश काढल्यानंतर ती फाइल पुन्हा सेव्ह करू नका, आकडा बदलतो.