एबीएस चाक सोडतं, एईबीएस ब्रेक दाबतं

अवजड गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक, म्हणजे एईबीएस, सक्तीचा करण्याचा विषय निघाला की ट्रकवाल्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: "एबीएस आहेच की गाडीत, मग हे आणखी काय?" प्रश्न रास्त आहे. नावांत फक्त 'ई'चा फरक, दोन्हींत सेन्सर आणि दोन्ही त्याच हवेच्या ब्रेकवर चालतात. कामं मात्र जवळजवळ उलटी आहेत.

एबीएसपासून, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेपासून, सुरुवात करू, कारण ते जुनं आहे. आपल्याकडे २०१५ पासून नव्या अवजड वाहनांना ते सक्तीचं आहे. चाकाजवळ एक दातेरी कडं असतं आणि चाक किती वेगाने फिरतंय हे शेजारचा सेन्सर मोजत राहतो. चालकाने घाबरून पेडल पूर्ण दाबलं आणि ओल्या रस्त्यावर एखादं चाक जाम व्हायला लागलं, की एबीएस त्या चाकाची हवा क्षणभर सोडतं आणि पुन्हा भरतं. सेकंदाला अनेकदा हे चालतं. त्यामुळे चाक घसरत नाही आणि स्टिअरिंग हातात राहतं. ट्रेलर मागून येऊन कात्रीसारखा केबिनवर दुमडण्याचा धोकाही बराच कमी होतो. पण चालकाने पेडलला पायच लावला नाही, तर एबीएस काहीही करत नाही. समोर गाडी आहे की भिंत, हे त्याला दिसतच नाही.

ते पाहणं एईबीएसचं काम. पुढच्या बंपरमधलं रडार, आणि बहुतेक नव्या गाड्यांत काचेमागचा कॅमेरा, पुढच्या वाहनाचं अंतर आणि वेग सतत मोजतात. धडक अटळ दिसायला लागली की आधी आवाज होतो, दिवा लागतो, कधी ब्रेकचा हलका झटका बसतो. तरीही चालक हलला नाही, तर यंत्रणा स्वतः ब्रेक मारते.

ताशी ८० किलोमीटरला ट्रक सेकंदाला २२ मीटर जातो. चालकाची नजर दोन सेकंद मोबाइलवर गेली, तर तेवढ्यात ४४ मीटर रस्ता न बघता सरला. म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या दोन मोठ्या ट्रेलरपेक्षाही जास्त. एईबीएससाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १३१ क्रमांकाच्या नियमानुसार इशारा आणि पूर्ण ताकदीचा ब्रेक यांच्यात किमान १.४ सेकंद असावे लागत. तेवढ्यात ३१ मीटर जातात. माणूस दचकून भानावर यावा आणि त्याने स्वतः ब्रेक मारावा, यासाठी ते अंतर ठेवलेलं. मला या यंत्रणेतला सगळ्यात मोलाचा भाग हा इशाराच वाटतो.

युरोपने हे आधी केलं. तिथल्या महामार्गांवर ट्रकचा ठरलेला अपघात म्हणजे रांगेच्या शेपटाला धडक: पुढे रस्त्याचं काम, गाड्या थांबलेल्या आणि मागून तासन्‌तास एकाच वेगात आलेला चाळीस टनी ट्रक. रस्ता सरळ, ब्रेक उत्तम आणि पाय मात्र पेडलवर नाही. नेमक्या या अपघातासाठी एईबीएस बनलं. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१३ पासून ट्रकच्या नव्या मॉडेलांना आणि नोव्हेंबर २०१५ पासून बहुतेक सर्व नव्या अवजड ट्रकना ते लागू झालं.

पण सुरुवातीच्या नियमाची मागणी फार माफक होती. समोरचं वाहन पूर्ण उभं असेल, तर ८० वरून वेग फक्त १० किलोमीटरने कमी झाला तरी चालत असे. पुढच्या टप्प्यात हा आकडा २० झाला. उभ्या वाहनाबाबत एवढी सूट का, तर रडारला उभी गाडी ओळखणं अवघड जातं. रस्त्यावरचा पूल, दिशादर्शक फलक, कडेचा लोखंडी कठडा हेही सगळं उभंच असतं. प्रत्येक फलकापाशी ट्रक कचकन थांबायला लागला, तर मागच्यांचा जीव जाईल. कॅमेरा जोडीला आल्यावर हे सुधारलं. आज अनेक ट्रक ८० वरून उभ्या गाडीमागे पूर्ण थांबू शकतात. ८० ऐवजी ६० ला बसलेली धडकही क्षुल्लक समजू नका, तिच्यातली ऊर्जा जवळपास ४४ टक्क्यांनी कमी असते.

आता आपल्याकडे. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अवजड ट्रक आणि बससाठी एईबीएस सक्तीचं करण्याचा मसुदा काढला. त्यात नव्या मॉडेलांसाठी एप्रिल २०२६ ही तारीख होती. मी या नियमाच्या बाजूने आहे. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या रस्त्यावर डोळा लागणं, तंद्री लागणं आणि पुढच्या संथ ट्रकवर जाऊन आदळणं, हे धोके युरोपातल्यासारखेच आहेत. तिथे हे यंत्र माणसं वाचवेल.

बोरघाटात मात्र त्याच्याकडून तीच अपेक्षा धरू नये. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. ८० च्या वेगातला ट्रक एकदा पूर्ण थांबवायला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्या सुमारे २२ पट ऊर्जा या एका उतारात मोकळी होते. ट्रक भरलेला असो वा रिकामा, हे प्रमाण बदलत नाही. त्यातली थोडी वारा आणि टायर खातात. उरलेली खालच्या गिअरमधल्या इंजिनाने, एक्झॉस्ट ब्रेकने (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक) किंवा रिटार्डरने (चाकांचे ब्रेक न वापरता वेग रोखणारं यंत्र) घ्यायची असते. चालकाने गाडी न्यूट्रलवर सोडली की तो सगळा भार ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्टीवर, येतो. चाकासोबत फिरणारा ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका अवजड गाडीने चाळीसहून जास्त वाहनांना धडक दिली, तेव्हा चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. इंजिन बंद झालं की हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. थोडं डिझेल वाचवायला केलेली ही गोष्ट किती घरांवर येते, याचा विचार करवत नाही.

अशा गाडीत एईबीएस असतं तर? रडारला पुढच्या गाड्या दिसल्या असत्या, आवाज झाला असता, आज्ञाही सुटली असती. पण ब्रेक दाबायला लागतात तेच तापलेले ड्रम. चालकाच्या पायाला मिळाली नसती ती पकड संगणकालाही मिळाली नसती.

दोन्हींचं नातं इथे उलगडतं. एईबीएस पूर्ण ताकदीने ब्रेक मारतं तेव्हा चाकं जाम होऊ न देण्याचं काम एबीएसच करतं. म्हणूनच बहुतेक गाड्यांत एबीएसमध्ये बिघाड असेल तर एईबीएस स्वतःहून बंद पडतं. चाकाजवळचा चिखलाने माखलेला सेन्सर किंवा तुटलेली वायर यांनाही तेवढंच महत्त्व येतं. नवा ट्रक घेताना रडारबद्दल जरूर विचारा. पण रोज चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा थोड्या वेळाने विझतो का, ते आधी बघा. तो पेटलेलाच राहिला, तर पुढचं रडार शाबूत असूनही ब्रेक आपोआप लागेल याचा भरवसा नाही.