काळ्या मातीतला पाइल आणि पिळाचा हिशोब

बैल खुंट्याभोवती घिरट्या घालत राहिला, की खुंटा उपटून निघत नाही. जागच्या जागी फिरून सैल होतो. रस्त्याकडेच्या एकखांबी दिशाफलकाच्या पाइलवर (खांबाखाली जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या गोल खुंटावर) असाच पीळ येतो, कारण फलक खांबाच्या एका बाजूला असतो.

३ × २ मीटरचा फलक घ्या, त्याचा मध्य खांबापासून ४ मीटरवर. वाऱ्याच्या मानकात नागपूरचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे. त्या वेगाला चौरस मीटरमागे साधारण ११८ किलो दाब, म्हणजे फलकावर ०.७ टन आणि पाइलच्या माथ्यावर २.८ टन-मीटर पीळ. (आकार, उंचीचे गुणक इथे सोडले आहेत.)

हा पीळ पेलते ती बाजूची माती. पाइलच्या अंगावरची एकूण चिकट पकड गुणिले त्रिज्या, एवढाच हिशोब. पकड चौरस मीटरला ३ टन धरली, तर ४५ सेंमी व्यासाचा, ५ मीटर खोल पाइल ४.८ टन-मीटर पेलतो. तळाचा वाटा जेमतेम ०.०७. उभ्या भाराला तळ कामी येतो, पिळाला नाही.

आता वावरातली भेग आठवा. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पाइलच्या अंगापासून सुटते. वरचे २ मीटर असे सुटले, तर उरते २.९. भार २.८! आणि वादळी वारे सुटतात तेही नेमके मे-जूनमध्ये, भेगा मिटायच्या आधी. पावसाळ्यात घेतलेली चाचणी म्हणूनच फसवी.

‘जाड करा’ हा साइटवरचा ठरलेला उपाय. पण पूर्ण पकड असेल तर पिळाची ताकद थेट काँक्रीटच्या घनफळाच्या प्रमाणात वाढते. १.४ घनमीटरमध्ये ६० सेंमीचा ५ मीटर पाइल होतो किंवा ४५ सेंमीचा ८.९ मीटर, दोन्ही ८.५ पेलतात. वरचे २ मीटर वजा केले, की पहिल्याचे ५.१ उरतात, दुसऱ्याचे ६.६. मुरूम लवकर लागत असेल तर त्यात शिरणे आणखी चांगले. मात्र वाकण्याला जाडीच लागते, त्यामुळे व्यास फार कमी करून चालत नाही. शिवाय वाकणारा पाइल माथ्याशी माती ढकलून पोकळी करतो, ती पिळाच्या पकडीतूनच वजा होते.

विजेच्या चौपायी मनोऱ्याचे गणित वेगळे. एका हाताची तार तुटली की मनोरा पिळतो, पण चारही पायांना तो पीळ मुख्यतः आडव्या ढकलीच्या रूपात पोचतो. पायांतले अंतर जितके जास्त, तितकी ही ढकल कमी.

साइटवर चुकते ते लोखंडात. पिळाने काँक्रीटला तिरक्या, मळसूत्रासारख्या भेगा पडतात. त्या अडवते ती सलग स्पायरल किंवा टोके १३५ अंशांत आत वळवलेली रिंग. ९० अंशांचा हुक कव्हर, म्हणजे लोखंडावरचा काँक्रीटचा थर, फुटताच उघडतो. भोक पाडून रात्रभर ठेवले तर भिंत ढिली पडते, म्हणून काँक्रीट त्याच दिवशी. आणि माथ्याभोवती खोदलेली काळी मातीच परत लोटू नये. मुरूम थराथराने ठोकून भरावा.