यीस्टचं पॉलिमरेज डेल्टा जोडीनं राहत नाही

कोल्हापुरात एमएस्सीच्या झेरॉक्स नोट्समधून एक वाक्य अजून फिरतंय: ‘यीस्टमधलं डीएनए पॉलिमरेज डेल्टा दुहेरी असतं, म्हणजे तीन उपघटकांचे दोन संच एकमेकांना चिकटलेले.’ डेल्टा म्हणजे डीएनएची प्रत बनवणारं एक एन्झाइम, आणि उपघटक म्हणजे ते ज्यांनी बनतं ती प्रथिनं. नोट्समधलं वाक्य चूक आहे, आणि 2001 सालीच जैवरसायनशास्त्रज्ञ पीटर बर्गर्स यांच्या गटानं ते दाखवून दिलंय.

गैरसमज झाला तो जेल फिल्ट्रेशनमुळे, म्हणजे जेलनं भरलेल्या स्तंभातून रेणू गाळण्याच्या पद्धतीमुळे. या स्तंभातून मोठा रेणू आधी बाहेर पडतो. डेल्टा फारच लवकर बाहेर पडलं, म्हणून वजन दुप्पट धरलं गेलं. पण हा स्तंभ वजन मोजतच नाही, रेणू किती जागा व्यापतो ते मोजतो. महाद्वार रोडच्या गर्दीत ऊस आडवा धरून चालणारा एकटा माणूस चौघांची जागा अडवतोच की! इथं तो ऊस म्हणजे पोल32, लांबुडका उपघटक. सेंट्रिफ्यूजमध्ये रेणू किती वेगानं खाली बसतो, तेही हिशेबात घेतल्यावर वजन एकाच संचाचं निघालं: पोल3, पोल31, पोल32 प्रत्येकी एक, मिळून सुमारे 220 किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक).

जुळणीही साखळीसारखी आहे. पोल3 च्या शेपटाला पोल31, आणि पोल31 ला पोल32. पोल32 थेट पोल3 ला धरत नाही. पोल32 काढून टाकलं तरी यीस्ट जगतं, मात्र थंडीत कुरकुरतं. बाकीच्या दोनांपैकी एक जरी गेला तरी मरतं.

डीएनएच्या दोन धाग्यांसाठी दोन डेल्टा हवेत, हा युक्तिवादही टिकत नाही. एक धागा मुख्यतः पॉलिमरेज एप्सिलॉन हे दुसरं एन्झाइम सांभाळतं.