बोर्ड मेला नाही भो, ओ देत नाहीये

परवा रावेरहून भाच्याचा फोन आला, "मामा, बोर्ड मेला." बोर्ड म्हणजे अर्डुइनो, कॉम्प्युटरवरून प्रोग्राम टाकला की त्याप्रमाणे यंत्रं चालवणारा छोटा सर्किट बोर्ड. केळीच्या बागेतली मोटार मोबाईलवरून चालू-बंद करायचं खूळ घेतलंय त्याने, आता रात्रीची लाइन असली की दोन वाजता उठून शेतात कोण जाईल, त्याचंही खरंय म्हणा. प्रोग्राम टाकताना स्क्रीनवर काय येतंय विचारलं तर तेच ठरलेलं, "नॉट इन सिंक". त्याचा अर्थ एवढाच की कॉम्प्युटरने हाक मारली आणि बोर्डने ओ दिली नाही. का नाही दिली ते मेसेज सांगत नाही, आणि बिचाऱ्याला ते माहीतही नसतं.

अर्डुइनो 2005 ला इटलीतल्या इव्रियात डिझाइनच्या पोरांसाठी बनला. त्याआधी 2003 ला तिथेच हेर्नांदो बारागानने 'वायरिंग' नावाचा असाच बोर्ड केला होता, पाया तोच (याचं नाव फार कमी लोक घेतात). चिपमध्ये प्रोग्राम भरायचं वेगळं यंत्र (प्रोग्रामर) विकत घ्यायला लागू नये म्हणून चिपमध्येच बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम, टाकून ठेवलेला, तो रिसेटनंतर, म्हणजे चिप नव्याने सुरू झाली की, जरा वेळ सिरीयलवर (कॉम्प्युटरशी बोलायच्या लाइनवर) कान देतो, कोणी बोललं नाही तर आधीचाच प्रोग्राम चालू करून मोकळा होतो. बोलायची भाषा घेतली ही चिप बनवणाऱ्या अ‍ॅटमेलच्या एसटीके500 किटची, म्हणून एररमध्ये अजून ते नाव येतं, किट आपण कधी डोळ्याने पाहिलेलं नसलं तरी.

सुरुवातीला रिसेट हातानेच दाबायला लागायचं, तेही नेमक्या वेळेला. 2007 ला दिएचिमिला नावाचा अर्डुइनो आला, म्हणजे इटालियनमध्ये दहा हजार, तोवर तेवढे बोर्ड बनून झाले होते म्हणून ते नाव. त्यात यूएसबी चिपची डीटीआर नावाची सिग्नलची लाइन 100 नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रिसेटला जोडली आणि बटण सुटलं. माझ्या मते सगळ्यात मोठी सोय हीच, पण गंमत अशी की तेव्हापासून तो कपॅसिटर किंवा ती लाइन गंडली की माणसाला कळतच नाही काय झालं, हातानं रिसेट दाबून बघायचं सुचतच नाही कोणाला.

मग 2010 ला उनो नावाचा अर्डुइनो आला, ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर घेऊन, 2 केबीचा बूटलोडर अर्ध्या केबीत बसला आणि प्रोग्राम टाकायचा स्पीड सेकंदाला 57600 बिटवरून 115200 झाला. नॅनो हा छोटा अर्डुइनो मात्र जुन्यावरच राहिला, त्याला नवा बूटलोडर 2018 ला मिळाला, आणि स्वस्तातल्या नॅनोत आजही कुठला निघेल सांगता येत नाही, त्यासाठीच अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरच्या मेनूत 'ओल्ड बूटलोडर' ठेवलाय. स्वस्त बोर्डवर सीएच340 ही यूएसबी चिप असते, तिचा ड्रायव्हर कॉम्प्युटरवर नसेल तर बोर्डचा पोर्टच दिसत नाही, पण तिथे एरर वेगळी येते, भाच्याचं ते नव्हतं. नुसती चार्जिंगची, डेटा न नेणारी केबल लावली असेल तरी पोर्ट दिसत नाही, घरात निम्म्या केबली तसल्याच असतात.

ओल्ड बूटलोडर निवडून झाला, रिसेट दाबून झाला, तरी नाही. शेवटी म्हटलं फोटो पाठव. बघतो तर जीएसएम मॉड्यूलच्या (सिमकार्ड घालून मोबाईलशी बोलणारा भाग) दोन वायरी 0 आणि 1 नंबरच्या पिनवर. त्या चिपमध्ये हार्डवेअर सिरीयल एकच, कॉम्प्युटरही तिथूनच बोलतो आणि मॉड्यूलही, दोघं एकदम बोलले तर बोर्ड कोणाचं ऐकणार. वायरी काढ म्हटलं, अपलोड झालं. मग त्याने त्या परत तिथेच लावल्या.