स्ट्रॅडल: ब्लाइंड की रेझ?

पोकरचा डाव. पानं बघायच्या आधीच दोघांनी ठेवायच्या सक्तीच्या रकमा, म्हणजे ब्लाइंड, १०० (स्मॉल) आणि २०० (बिग). बिग ब्लाइंडच्या डावीकडच्यानं पानं बघायच्या आधीच ४०० पुढे सरकवले, म्हणजे स्ट्रॅडल केला. आता पुढच्याला रेझ करायचा आहे, म्हणजे रक्कम वाढवायची आहे. किमान किती? एक जण म्हणतो ६००, कारण २००चे ४०० झाले, वाढ २००ची. दुसरा म्हणतो ८००. बेरीज दोघांचीही बरोबर आहे. भांडण आहे ते स्ट्रॅडलला काय मानायचं यावर, आणि त्याचं उत्तर १९व्या शतकातच देऊन झालंय.

त्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीच्या आसपास पोकर रुजला, तेव्हा तो २० पानांवर खेळत. पुढे पूर्ण ५२ पानं आली, नको ती पानं बदलून घ्यायचा ड्रॉ पोकर आला. त्यात वाटणाऱ्याच्या डावीकडच्याला ‘एज’ म्हणत. ब्लाइंड एकट्या त्यानंच ठेवायचा. बाकीच्यांना डावात यायला त्याच्या दुप्पट मोजावे लागत. एजच्या शेजाऱ्याला हुक्की आली तर तो पानं न बघता ब्लाइंडच्या दुप्पट ठेवी. हाच मूळचा स्ट्रॅडल. मग डावात यायला मूळ ब्लाइंडच्या चौपट लागत. त्याच्या पुढचा आणखी दुप्पट करू शके, अगदी टेबलाच्या मर्यादेपर्यंत. मात्र पहिल्या शेजाऱ्यानंच नको म्हटलं, तर पुढच्या कुणालाही स्ट्रॅडल करता येत नसे.

न बघितलेल्या पानांवर एवढे पैसे का लावायचे? पानं बदलण्यापूर्वी शेवटी बोलायची, म्हणजे बाकीच्यांचं बघून निर्णय घ्यायची संधी मिळे म्हणून. एजचा मान मात्र एजकडेच राही. त्या काळच्या अमेरिकन नियमपुस्तकांनी यावरून सरळ सांगून टाकलं, की स्ट्रॅडल म्हणजे दुहेरी ब्लाइंड, बाकी काही नाही.

किमान रेझचा प्रश्न तेव्हा फारसा टोचत नव्हता. लिमिट खेळात रेझचा आकडा आधीच ठरलेला असतो. प्रश्न उभा राहिला तो नो-लिमिटमध्ये, म्हणजे हवी तेवढी रक्कम लावता येते त्या खेळात. टेक्सासातला होल्डेम हा पोकरचा प्रकार १९६०च्या दशकात लास व्हेगासला पोचला आणि १९७०च्या दशकात तिथल्या बिनियन्स हॉर्सशू कसिनोमधल्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ स्पर्धेचा मुख्य सामना नो-लिमिट होल्डेमचा झाला. वर छत नसलं तरी खाली जमीन लागतेच. नाहीतर संगनमत केलेले दोघं एकेक चिप वाढवत मधल्या तिसऱ्याला पिळत बसतील.

म्हणून नियम असा: त्या फेरीत झालेल्या सर्वांत मोठ्या बेट (पहिल्यांदा लावलेली रक्कम) किंवा रेझइतकी तरी वाढ हवी. १०० ची बेट, त्यावर कुणी एकूण ३०० केले, तर वाढ २००ची. पुढचा रेझ किमान ५००. ‘दुप्पट म्हणजे ६००’ असं ठासून सांगणारा प्रत्येक टेबलावर एक तरी भेटतोच, आणि तो चुकीचा असतो. आता ५०० ऐवजी कुणी उरलेल्या ४०० चिप्स लावून ऑल-इन गेला, तर ते चालतं. पण ती वाढ अपुरी असल्यानं ३०० करणाऱ्याला पुन्हा रेझ करता येत नाही. त्यानं कॉल करावं, म्हणजे तेवढीच रक्कम भरावी, किंवा पानं टाकावीत.

बॉब सिआफोनी यांनी संकलित केलेल्या ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ पोकर’नं हे दोन्ही धागे जोडले: स्ट्रॅडलनं डावात यायची नवी किमान रक्कम ठरते, तो रेझ धरायचा नाही. तेव्हा आधारच ४०० झाला, वाढही किमान ४००ची, आणि उत्तर ८००. स्पर्धांमध्ये स्ट्रॅडल चालतच नाही, त्यामुळे तिथे हा वाद उद्भवत नाही.

मिसिसिपी स्ट्रॅडलला मात्र ही जुनी पुस्तकं पुरत नाहीत. तो डीलर बटणावरून, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवरूनही करता येतो. मग सुरुवात कुणी करायची? काही क्लबांत स्मॉल ब्लाइंडपासून करतात, काही ठिकाणी नेहमीसारखी बिग ब्लाइंडच्या डावीकडून, आणि बटणावरच्याला ओलांडून त्याला शेवटी बोलू देतात. जुन्या खेळात स्ट्रॅडलचा पहिला हक्क फक्त एजच्या शेजाऱ्याचा, त्यामुळे हा पेच तेव्हा पडलाच नव्हता.